फुलाच्या घशातलं पाणी

हरिचंद्र रोकडे कुणाच्या घरी गेला की आधी माणसांकडे नाही, पाण्याकडे बघायचा. मोरीतल्या पिंपावर झाकण आहे का, फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये काय साचलंय, खिडकीतल्या कुंडीखालच्या बशीत काही वळवळतंय का. चहाचा कप पुढे आला तरी त्याचे डोळे तिकडेच असायचे. नगरपालिकेच्या हिवताप विभागात त्याची सगळी नोकरी झाली होती. पाठीवर फवारणीचा पंप, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात लांब दांड्याचा डाव, असा तो अंबरनाथच्या चाळी-वाड्या तुडवत फिरला होता. लोकांच्या पाण्यात वाकून बघायचं, हेच त्याचं काम.

त्या कामातून त्याला पगार मिळाला, पेन्शन मिळाली आणि किळस मिळाली. डासाची अळी त्याने आयुष्यात इतक्यांदा पाहिली होती की डोळे मिटले तरी दिसायची. डोकं खाली, शेपूट वर, पाण्याच्या पृष्ठभागाला उलटी लोंबकळणारी. वर सावली पडली की अंग मोडत मोडत तळाला जाणारी. घरी आमटीत जिऱ्याचे दाणे तरंगताना दिसले की त्याचा घास घशात अडकायचा. म्हणून त्याची बायको त्याच्यासाठी फोडणीत जिरं घालायचीच नाही. ती गेली, पण घरात ती पद्धत राहिली.

दुसरी एक किळस होती, ती त्याने बायकोखेरीज कुणाला सांगितली नव्हती. नोकरीची सुरुवातीची वर्षं. एका चांगल्या वस्तीतल्या घरात तो पाणी तपासायला गेला. बाईंनी दारातच त्याचं नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग म्हणाल्या, लांबूनच बघा. लांबून रांजणाच्या आतलं कसं दिसणार? तो वाकला, तोल जाऊ नये म्हणून त्याने रांजणाच्या काठाला हात लावला. आत अळ्या होत्या. त्याने तसं सांगितलं आणि पाणी ओतायला सांगून तो बाहेर पडला. फाटकापर्यंत पोचतो न पोचतो तोच मागे रांजण उपडा झाल्याचा आवाज आला. बाई घरातल्या कुणाला तरी सांगत होत्या, त्याने हात लावला ना, आता घासून घे.

संध्याकाळी त्याने बायकोला हसत हसत सांगितलं, काम तर झालं, पाणी ओतलं तिने. बायको हसली नाही. आणि असं काही एकदाच झालं नाही. पाणी ओतलं जावं यासाठीच त्याला पगार मिळत होता, आणि ते ओतलं जात होतं त्याच्या हातामुळे, अळ्यांमुळे नाही. त्या सगळ्यात घाण नक्की कुठे होती, हे त्याला कधीच नीट मांडता आलं नाही. पण ती त्याच्या पोटात राहिली.

निवृत्त झाल्यावर तो मुलाकडे राहायला आला. धम्मदीप अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये होता. त्याने बदलापूरला शिरगावात चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. सून प्रीती उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एका फर्निचरच्या शोरूममध्ये बिलिंग सांभाळायची. पोरगी सरळ होती, कामसू होती, सासऱ्याला पप्पा म्हणायची आणि मनापासून म्हणायची. हरिचंद्रची तिच्याबद्दल काही तक्रार नव्हती, ते झाड घरात येईपर्यंत.

शोरूमचं नवं दालन उघडलं तेव्हा सेठना कुणीतरी एक कुंडी भेट दिली होती. लांब, गुळगुळीत, चकचकीत हिरवी पानं, आणि मधोमध उभा लालभडक तुरा. आठवडाभर ती काउंटरवर राहिली, मग सेठ म्हणाले, ले जा बेटा, इधर एसी में मर जाएगा. प्रीती रिक्षात मांडीवर धरून ती घरी घेऊन आली. तिच्या माहेरी कधी फुलझाड नव्हतं. कॅम्पातल्या एका खोलीत सहा माणसं, तिथे झाडाला जागा कुठली. नुसतं बघायला म्हणून ठेवलेली ही तिची पहिली वस्तू होती.

तिने ती बाल्कनीच्या दाराशी, उजेड येईल पण ऊन लागणार नाही अशी ठेवली, आणि हरिचंद्रला कौतुकाने माहिती दिली. याला ब्रोमेलियाड म्हणतात. अननसाच्या खानदानातलं झाड. याची मुळं फक्त धरून बसायला असतात. पाणी ते मुळांनी पीत नाही.

"मग कुठून पितं?" हरिचंद्रने विचारलं.

"हे बघा ना, मध्ये. पानांची वाटी झालीय. ह्याच्यात कायम पाणी भरून ठेवायचं."

हरिचंद्रने वाकून पाहिलं. पानं बुडाशी एकमेकांना इतकी घट्ट चिकटली होती की मध्ये खरंच एक खोल घसा तयार झाला होता. त्या घशात पिवळट पाणी होतं. पाण्यावर एक मेलेली मुंगी, दोन चिलटं आणि कसला तरी बुळबुळीत तवंग. नाकाला उग्र, आंबूस वास आला. आयुष्यभर लोकांच्या घरातलं असलं पाणी त्याने ओतायला लावलं, आणि आता त्याच्याच घरात, टीव्हीच्या शेजारी, ते मुद्दाम भरून ठेवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ती कामाला गेल्यावर त्याने कुंडी मोरीत नेली, उलटी केली आणि घसा पार रिकामा करून परत जागेवर ठेवली. प्रीती संध्याकाळी पाणी भरायची, हा सकाळी ओतायचा. असे बरेच दिवस गेले. झाडाच्या पानांची टोकं तपकिरी पडली, कडा आत वळल्या. प्रीती हैराण झाली. तिने कुंडीची जागा बदलली, नळाच्या पाण्याने पानांवर पांढरे डाग पडतात म्हणून फिल्टरचं पाणी घातलं, मोबाईलवर तासन् तास वाचलं. ती काळजीने पानं पुसत असताना हरिचंद्र पेपरात डोकं घालून बसायचा.

एका दुपारी शोरूम लवकर बंद झालं आणि प्रीती अचानक घरी आली. दुपारच्या जेवणानंतर पुन्हा एकदा बघून घ्यावं म्हणून हरिचंद्रने कुंडी मोरीत उपडी धरली होती. तिने ते पाहिलं. पर्स खांद्यावर तशीच ठेवून म्हणाली, "पप्पा, तुम्ही याला पाणी पिऊ देत नाही होय?"

ते वाक्य त्याला लागलं. पाणी पिऊ न देणं, हे शब्द त्यांच्या घरात सहज उच्चारायचे नव्हते. तिने ते मुद्दाम वापरले नव्हते, पण तोंडातून बाहेर पडल्यावर तिलाही ते जाणवलं आणि तिने पुढे होऊन कुंडी सरळ धरली. शेवटी दोघांत ठरलं. दर दोन-तीन दिवसांनी प्रीती झाड उलटं करून घसा धुणार, नवं पाणी भरणार, आणि हरिचंद्र बॅटरी मारून बघणार. झाड सावरलं. तुऱ्याचा लाल रंग तेवढा फिका पडत चालला होता. हरिचंद्र रोज नाक दाबून घशात डोकवायचा आणि रोज त्याला तितकंच मळमळायचं.

ही मळमळ त्याने खाली जाऊन ओकली. बिल्डिंगच्या गेटजवळ बाक होता, तिथे संध्याकाळी चार माणसं बसायची. सोसायटीचा सेक्रेटरी समीर तिथे असायचा, तिसऱ्या मजल्यावरचा, चाळिशीतला, बोलका. एकदा बोलता बोलता हरिचंद्र म्हणून गेला की सुनेने घरात सडकं पाणी ठेवलंय आणि त्याला फूल म्हणते. सगळे हसले. हरिचंद्रही हसला. घरातली गोष्ट अशी बाकावर टाकल्याचं त्याला तेव्हा काही वाटलं नाही.

गणपती उठल्यानंतर समीरची मुलगी रिद्धी तापाने आजारी पडली. डेंग्यू निघाला, प्लेटलेट खाली गेल्या, तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. बिल्डिंगमध्ये घबराट झाली. त्याच सुमाराला हरिचंद्रची थोरली बहीण वारली. ती बारवी धरणाकडच्या एका पाड्याजवळ राहायची. तो तिकडे गेला आणि विधी उरकेपर्यंत राहिला. इकडे प्रीतीच्या शोरूममध्ये दिवाळीचा माल भरत होते, तिला घरी यायला रोज उशीर. धम्मदीपची रात्रपाळी. झाडाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

हरिचंद्र परत आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी समीर दारात उभा राहिला. तोंडाला मास्क, हातात मोबाईल, बरोबर कमिटीची दोन माणसं. घरोघर तपासणी चालू आहे म्हणाला. पण इतर घरांत ते दारातूनच विचारून गेले होते, हे प्रीतीला शेजारच्या बाईंकडून नंतर कळलं. इथे ते चपला घालूनच आत आले आणि थेट कुंडीपाशी गेले.

"काका, हेच ना ते? तुम्हीच सांगितलं होतं खाली, सुनेने सडकं पाणी ठेवलंय म्हणून."

प्रीतीने सासऱ्याकडे पाहिलं. हरिचंद्रला ती नजर झेलता आली नाही.

समीरने मोबाईलवर फोटो काढला. मग सोबतच्या माणसाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "एकेकाच्या घरची सवय असते हो. वस्तीतून बिल्डिंगमध्ये आलं तरी सुटत नाही. त्रास मात्र आपल्याला."

हरिचंद्रच्या कानशिलात रक्त चढलं. शब्द साधे होते. आवाजही चढा नव्हता. पण हा सूर त्याने दारोदार ऐकला होता आणि त्याला तो झोपेतही ओळखू आला असता. समोरच्या माणसाची मुलगी दवाखान्यात आहे, त्याचं डोकं ठिकाणावर नसणार, हेही त्याला दिसत होतं. तरी त्याच्या अंगावर शिसारी आली. त्या मास्कची, त्या मोबाईलची, बहिणीचा दुखवटा असलेल्या घरात फरशीवर उमटलेल्या चपलांच्या ठशांची.

"मी बघतो," तो म्हणाला. "माझं कामच होतं ते."

कपाटावरची बॅटरी काढून तो कुंडीवर वाकला. घशात आधीचंच पाणी अजून साचून होतं. उजेड पडला आणि त्याला त्या दिसल्या. दोन अळ्या. एक उलटी लोंबकळत होती, दुसरी अंग मोडत खाली गेली. कुठल्या डासाच्या, हे त्याला बघताक्षणी कळलं.

साऱ्या नोकरीत त्याने एकही अळी लपवली नव्हती. स्वतःच्या साहेबाच्या घरात सापडली तेव्हाही तोंडावर सांगितलं होतं. तो सरळ झाला, समीर आणि कुंडी यांच्या मध्ये उभा राहिला आणि बॅटरी बंद केली.

"काही नाही. पाणी स्वच्छ आहे."

समीरने मान उंचावून बघायचा प्रयत्न केला, पण पाण्याजवळ तोंड न्यायची त्यालाही इच्छा नव्हती. तरीपण टाकून द्या ते, असं सांगून तो माणसं घेऊन निघून गेला. थोड्या वेळाने सोसायटीच्या ग्रुपवर त्या कुंडीचा फोटो आला. खाली कुणी काही लिहिलं नव्हतं, नुसती नाक दाबलेली तोंडं टाकली होती.

प्रीती कामावर गेली. हरिचंद्रने कुंडी मोरीत नेऊन उलटी केली. त्या दोन अळ्या ओल्या लादीवर तडफडत होत्या. त्याने अंगठ्याने चिरडल्या आणि अंगठा साबणाने घासत राहिला. आपण खोटं बोललो, याची त्याला इतकी घाण वाटत होती की तोंडात थुंकी जमत होती. आणि खोटं बोललो नसतो तर समीरच्या चेहऱ्यावर जे उमटलं असतं, त्याची त्याहून जास्त. मग त्याने जे केलं ते डोकं ताळ्यावर असताना केलं नसतं. तो खाली कोपऱ्यावरच्या रिक्षा गॅरेजमध्ये गेला, बाटलीत थोडं जळकं ऑइल मागून आणलं आणि ते त्या लाल फुलाच्या घशात ओतलं. पूर्वी गटारांवर टाकायचे तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रीतीला घशात काळं, इंद्रधनुषी तवंगाचं ऑइल दिसलं. ती कुंडी घेऊन त्याच्यासमोर येऊन बसली.

"होत्या," हरिचंद्रने आपणहून सांगितलं. "दोन होत्या."

तिने कुंडी फरशीवर ठेवली. मग म्हणाली, "मग तुम्ही काही नाही असं का म्हणालात?"

"तो ज्या तोंडाने बोलला ना, त्या तोंडाला खरं द्यायचं नव्हतं मला."

"आणि रिद्धी?"

पोरीला डास शाळेत चावला असेल, क्लासमध्ये चावला असेल, जिन्यात चावला असेल. घशात अळ्या आहेत म्हणजे त्यांतूनच उडालेला डास तिला चावला असं कुणीच म्हणू शकत नाही. हे त्याला नीट ठाऊक होतं, आणि त्या माहितीचा त्याला काडीचा उपयोग होत नव्हता.

प्रीतीने ऑइल ओतून टाकलं, साबणाच्या पाण्याने धुवून पाहिलं. पण झाडाचा गाभा भाजला होता. काही दिवसांत घरात मेलेल्या उंदरासारखा वास सुटला. प्रीतीने सुकलेला तुरा हलकेच ओढला तर तो बुडापासून सुटून तिच्या हातात आला. त्याच्याबरोबर पानांचा सगळा आतला भाग आला, तपकिरी, लिबलिबीत, बोटांना चिकटणारा. ती मोरीकडे धावली आणि ओकली. हरिचंद्र तिच्या पाठीमागे पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहिला. तिने चूळ भरली आणि तिथेच बसून रडली. तेवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

"ते जाणारच होतं, पप्पा," ती म्हणाली. "एकदाच फुलतं ते, मग हळूहळू जातं. पण असं नको होतं जायला."

धम्मदीपने कुंडी खाली कचऱ्यात टाकून यायला सांगितलं. हरिचंद्र ती जिन्यापर्यंत घेऊन गेला. सडलेली पानं त्याच्या मनगटाला लागत होती म्हणून त्याने कुंडी दुसऱ्या हातात घेतली, आणि तेव्हा त्याला बुडाशी, दोन कुजक्या पानांच्या बेचक्यात, हिरवे कोंब दिसले. एक बोटभर, दुसरा त्याहून लहान. मेलेल्या झाडाच्या अंगातून कडक, ताजे, चकचकीत वर आलेले. त्याला ते बघून बरं वाटलं नाही. उलट काटा आला. पण तो परत वर आला आणि कुंडी प्रीतीपुढे ठेवली.

ही याची पिल्लं, ती म्हणाली. मोठं झाड मरताना पिल्लं सोडतं. ती मोठी होईपर्यंत जुनं झाड काढायचं नाही, कारण तोवर त्याच्यावरच ती जगतात. एवढं सांगून ती उठून गेली. तिला त्याला पुन्हा हात लावायचा नव्हता.

म्हणून हात हरिचंद्रने लावला. मिशीवर रुमाल बांधून तो बाल्कनीत बसला आणि चिमट्याने सडका गाभा कणाकणाने काढला. तेलाचा डाग जाईपर्यंत कापसाने पुसला. पुढे कित्येक महिने तो एक दिवसाआड कुंडी उलटी करायचा, पिल्लांच्या इवल्या घशांत चमचाभर पाणी घालायचा, बॅटरी मारायचा. श्वास रोखून. झाल्यावर हात साबणाने धुवायचा. कुणी त्याला म्हटलं असतं की तुम्हाला झाडाचा लळा लागला, तर त्याने त्या माणसाला वेड्यात काढलं असतं. त्याला त्या घशाची अजून तेवढीच घाण वाटत होती. पण ते त्याने मारलं होतं, आणि मरून उरलेलं आता त्याच्या गळ्यात होतं.

पिल्लं जुन्या झाडाच्या निम्मी झाली तेव्हा त्याने धारदार सुरीने ती बुडातून वेगळी केली. सुरी लिबलिबीत होऊन आली. माती याला चालत नाही, मुळं कुजतात, म्हणून नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोळसा घालून दोन लहान कुंड्या भरल्या. जुनं झाड जुन्या पेपरात गुंडाळून टाकलं.

रिद्धी बरी होऊन केव्हाच घरी आली होती. पार्किंगमध्ये सायकल चालवायची. तिला पाहिलं की हरिचंद्र पायऱ्या चढून वर यायचा. बाकावर बसणं त्याने सोडलंच होतं.

पुढच्या वर्षीचा पावसाळा संपला तरी झाडं नुसती पानंच धरून होती. मग प्रीतीने कुठूनतरी युक्ती काढली. झाड पुरेसं मोठं झालं असेल तर त्याच्याबरोबर पिशवीत पिकलेलं सफरचंद ठेवायचं. पिकत्या फळाच्या वासाने झाडाला फूल धरतं. त्याआधी घसा पूर्ण कोरडा करायचा. हे शेवटचं वाक्य हरिचंद्रला फार आवडलं. त्याने दोन्ही घसे निथळून, कापसाने टिपून घेतले, मोठ्या झाडाला पारदर्शक पिशवी चढवली, आत सफरचंद ठेवून तोंड बांधलं.

आठवडाभरात सफरचंद बसलं. साल सुरकुतली, खालून तपकिरी रस सुटला, पिशवीच्या आत वाफ धरली. वास बांधलेल्या तोंडातूनही यायला लागला, शिळ्या ताडीसारखा. चिलटं जमली. धम्मदीप पाळीवरून आला की विचारायचा, कोण मेलंय घरात? हरिचंद्र पिशवी बाल्कनीच्या टोकाला सरकवायचा आणि दार लावून घ्यायचा. शेवटी पिशवी उघडली तेव्हा सफरचंदाचा नुसता लगदा त्याच्या बोटांत आला. त्या दिवशी तो जेवला नाही.

पण दोनेक महिन्यांनी त्या घशाच्या तळातून लाल टोक वर आलं. बघता बघता तुरा उभा राहिला, पहिल्यापेक्षा लहान, पण तसाच लालभडक. प्रीतीने त्या दिवशी त्याच्यासाठी शेवयांची खीर केली.

तुरा बाल्कनीतून खालच्या मजल्यावर दिसायचा. एका रविवारी समीरची बायको अंजनी वर आली. यापूर्वी ती कधी आली नव्हती. फूल बघून तिला फार आवडलं होतं. रिद्धीच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवायला एखादं रोप मिळेल का, असं तिने संकोचत विचारलं. प्रीतीने क्षणभर विचार केला आणि दुसरी, न फुललेली कुंडी उचलून तिच्या हातात दिली. अंजनीने ती छातीशी धरली.

हरिचंद्र आतल्या खोलीत होता. तो बाहेर आला. ही कुंडी त्या मुलीच्या टेबलावर जाणार, आणि न सांगता जाणार, या विचाराने त्याला जी मळमळ सुटली ती पूर्वीच्या कुठल्याही मळमळीसारखी नव्हती.

"थांबा," तो म्हणाला. "रिद्धी आजारी होती तेव्हा तुमचे मिस्टर तपासायला आले होते. मी पाणी स्वच्छ आहे म्हणालो. ते खोटं होतं. दोन अळ्या होत्या."

कुंडी अंजनीच्या हातात होती, पण आता तिने ती अंगापासून लांब धरली होती.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"नाही सांगितलं."

"यांना काय सांगू मी?"

"झालं ते सांगा. आणि ते इथे काय बोलले होते, तेही त्यांना विचारा."

"काय बोलले होते?"

हरिचंद्रने समीरचे शब्द जसेच्या तसे सांगितले. वस्ती, सवय, सगळं. त्यात काही वाढवलं नाही. अंजनीचा चेहरा लाल झाला. आपला नवरा असं बोललाच नसेल, असं ती म्हणाली नाही. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "ते बोलतात तसं. घरीही बोलतात." मग तिने कुंडी दाराजवळच्या चपलांच्या रॅकवर ठेवली आणि जिना उतरून गेली.

एवढ्या दिवसांनी कोण विचारणार होतं, आता बिल्डिंगमध्ये कुणी आपल्याशी बोलणार नाही, असं प्रीती म्हणाली. हरिचंद्र म्हणाला, नाही बोलले तर नाही. पण तिने त्याच्यावर राग धरला नाही. रॅकवरची कुंडी तिनेच आत आणली आणि ओल्या फडक्याने पुसली.

झालंही तसंच. समीर जिन्यात समोर आला की मोबाईलमध्ये बघायचा. पुढच्या मीटिंगमध्ये पाणी धरणारी झाडं घरात ठेवू नयेत असा विषय त्याने काढला, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या दोघांनी मग कूलरचं काय, असं विचारलं आणि तो विषय बारगळला. अंजनी पुन्हा वर आली नाही. रिद्धी मात्र पार्किंगमध्ये दिसली की हरिचंद्रला हात करायची. तिला घरात काय सांगितलं होतं, कोण जाणे. तोही हात करायचा. आता वर पळून यायचा नाही.

फूल होळीच्या पुढेपर्यंत टिकलं. ते सुंदर होतं, हे हरिचंद्रलाही दिसत होतं. प्रीतीने एकदा विचारलं, की पप्पा, खरं सांगा, आवडतं ना आता?

"फूल बरंय," तो म्हणाला. "खालचं अजून बघवत नाही."

असं म्हणून त्याने नाकावर रुमाल बांधला, कुंडी मोरीत नेऊन उलटी धरली, बुळबुळीत पाणी नळाखाली धुवून काढलं, घशात बॅटरी मारून पाहिलं आणि ताजं पाणी भरलं. कुंडी जागेवर ठेवली. मग हात साबणाने दोनदा धुतले, वास घेऊन पाहिला, तिसऱ्यांदा धुतले आणि जेवायला बसला.